सोमवारी पेशंटला सुट्टी होणार आहे, मी त्यांच्याशी नेमकं काय बोलू?

नाईटवाली_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण छोटं गाव आहे, पेशंट लगेच ओळखू येईल. नोकरीला नऊ वर्षं झाली. प्रश्न लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळं लिहिते.

आमच्या वॉर्डात चार दिवसांपूर्वी एक दादा ॲडमिट झालेत, तिशीच्या आतबाहेरचे, जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला म्हणून. आता धोका टळलाय, जेवतायत, बाथरूमला स्वतः जातायत, रिपोर्ट चांगले आलेत, सकाळच्या राऊंडला सरांनी सोमवारी सुट्टी द्यायची म्हणून केसपेपरवर लिहिलं. म्हणजे शरीराचं आमचं काम झालं. पण मला काही केल्या चैन पडत नाहीये.

एक म्हणजे या चार दिवसांत त्यांना वॉर्डात जो तो काहीतरी सुनावून गेलाय. मावशी म्हणाल्या सोन्यासारखं लेकरू आहे, लाज नाही वाटली का. शेजारच्या बेडचे नातेवाईक मोबाईल वर करून बघत होते. पोलीस जबाब घ्यायला आले ते भर वॉर्डात, सगळे कान देऊन ऐकतायत. आणि खरं सांगायचं तर मी पण पहिल्या दिवशी सलाईन लावताना "असं करतात का हो दादा" म्हणाले, त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. ते मला अजून टोचतंय.

दुसरं म्हणजे काल रात्री तीनच्या सुमारास मी बीपी घ्यायला गेले तर ते उठून बसलेले होते. मला म्हणाले, "सिस्टर, या पंख्याचा आवाज तुम्हालाही येतो का रात्रभर?" मी म्हटलं हो येतो की, आणि तेवढ्यात पलीकडच्या बेडवरच्या आजींनी हाक मारली, मी गेले. दहा मिनिटांनी परत आले तर चादर डोक्यावरून घेऊन पडलेले. मला आतून असं वाटलं की त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि मी ती वेळ घालवली.

तर माझं विचारणं असं आहे. त्यांना सरळ विचारू का, की अजून मनात तसे विचार येतात का? की विचारल्याने उलट डोक्यात परत तेच येईल? आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, जिल्ह्याची टीम ठरलेल्या दिवशी येते आणि तो दिवस अजून लांब आहे. सिव्हिलला जा म्हणून चिठ्ठी मिळेल पण घरचे नेतील असं वाटत नाही, बायको म्हणते लोकं काय म्हणतील. माझ्या हातात दोन नाईट आहेत. आणि सुट्टी झाल्यावर मी घरी फोन केला तर चालतो का, की ते आमचं काम नाही?

मनोविकार_ओपीडी

सिस्टर, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं याच कामात. तुमची पोस्ट दोनदा वाचली. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो: विचारा. सरळ, स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात येतो ही भीती आपल्या डॉक्टर लोकांत पण आहे, पण यावर भरपूर अभ्यास झालेत आणि विचारल्याने धोका वाढतो असं कुठेही दिसलेलं नाही, उलट बऱ्याच पेशंटना हायसं वाटतं की कोणीतरी एकदाचं विचारलं. तो विचार त्यांच्या डोक्यात आधीपासूनच आहे, फक्त ते एकटेच त्याच्याशी झगडतायत.

आता कसं विचारायचं. उभ्याने नाही. स्टूल घ्या आणि बसा, पडदा ओढता आला तर ओढा, बायकोला पाच मिनिटं चहाला पाठवा. सुरुवात पंख्यावरूनच करा, ते दार त्यांनी स्वतः उघडलंय. "दादा, परवा रात्री तुम्ही पंख्याचं म्हणालात आणि मला जावं लागलं, झोप लागत नाहीये का?" मग हळूहळू, "रात्री जागं असताना मनात काय काय येतं?" आणि मग थेट, "जगू नये असं वाटतं का अजून? स्वतःला संपवावं असा विचार येतो का?" "तसलं काही येत नाही ना?" असं अजिबात विचारू नका. "ना" लावलं की आपण उत्तर आधीच सांगून टाकलेलं असतं, पेशंट बिचारा आपल्याला बरं वाटावं म्हणून नाही म्हणतो. आणि ते बोलायला लागले की मध्ये उपदेश नको, लेकराकडे बघा वगैरे नको. लेकराचं त्यांना माहीत असतंच, आपण लेकराला नकोसे झालोय, ओझं झालोय असंच त्या वेळी वाटत असतं.

हो म्हणाले तर घाबरू नका, पण पुढचं विचारा: कसं, कधी असं काही ठरवलंय का? ठरवलंय असं कळलं तर सोमवारची सुट्टी थांबवायची, त्यांना एकटं सोडायचं नाही, त्याच मिनिटाला एमओंना (ड्युटीवरच्या मेडिकल ऑफिसरना) उठवायचं आणि १०८ ने सिव्हिलला हलवायचं. तिथे "बघू सकाळी" नाही. आणि तसं काही न सापडलं तरी तुम्हाला जे वाटलं ते सोमवारच्या आधी सरांच्या कानावर घाला, सुट्टीचा निर्णय फक्त रिपोर्ट बघून व्हायला नको.

तसे विचार येतात पण ठरवलेलं काही नाही असं असेल तर सुट्टीआधी त्यांच्यासोबत बसून एक कागद लिहा. आम्ही त्याला सेफ्टी प्लॅन म्हणतो, पण नाव काहीही द्या, केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिला तरी चालतो. मन अंधारायला लागलंय हे कशावरून कळतं, त्या वेळी एकट्याने काय केलं की थोडं हलकं वाटतं, कोणाकडे जाऊन नुसतं बसता येतं, कोणाला खरं सांगता येतं, दवाखान्याचा नंबर आणि १४४१६, म्हणजे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर. सगळं त्यांच्या शब्दांत आणि शक्यतो त्यांच्याच हाताने. आणि शेवटचं, घरात धोक्याचं जे काही आहे, फवारणीचं असो की गोळ्या असोत, ते घराबाहेर दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात. हे बायकोला आणि भावाला त्यांच्यासमोरच सांगायचं, चोरून नाही. मरायची तीव्र इच्छा ही लाटेसारखी असते, बऱ्याचदा काही मिनिटांत, काही तासांत ओसरते, तेवढा वेळ हाताशी काही नसणं यानेच माणसं वाचतात. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि आत्महत्यांचं प्रमाण दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं.

आता फोन. फोन करायचाच. यावर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नई पण होतं. प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या १,८६७ लोकांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याशिवाय सुट्टीच्या आसपास तासभर नीट बोलणं आणि मग दीड वर्षात फक्त नऊ वेळा फोन किंवा घरभेट. एक, दोन, चार, सात आणि अकराव्या आठवड्याला, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्याला. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेलेले होते, फोनवाल्या गटात ०.२ टक्के. २००८ साली हे छापून आलं. नऊ फोन, सिस्टर. महागडं औषध नाही की मशीन नाही. आणि सुट्टीनंतरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक असतात, नेमकं तेव्हाच आपण पेशंटला दारापर्यंत सोडून हात झटकतो.

पोलिसांचं उद्या लिहितो, ओपीडी सुरू झाली.

पीएचसीचा_एमओ

वर डॉक्टरांनी लिहिलंय त्याला जोडून माझी स्वतःची एक चूक सांगतो, कोणाला तरी उपयोग होईल.

मी तेव्हा नवीन होतो, बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत. एक गृहस्थ दीड महिन्यात तीन वेळा माझ्या ओपीडीत आले. पहिल्यांदा ॲसिडिटी, दुसऱ्यांदा अंग दुखतं आणि झोप नाही, तिसऱ्यांदा म्हणाले "डॉक्टर, नुसतं गळून गेल्यासारखं वाटतं, कशात जीव लागत नाही." मी तिन्ही वेळा पॅन्टॉप आणि बी-कॉम्प्लेक्स लिहिलं, तिसऱ्यांदा एक टॉनिक जास्तीचं. बाहेर ऐंशी-नव्वद पेशंट उभे असायचे, मी केसपेपरवरून मान वर केली होती का ते पण आठवत नाही. चौथ्यांदा ते आले नाहीत, त्यांची बातमी आली. नंतर रजिस्टर काढून माझंच अक्षर बघत बसलो होतो. तिन्ही चिठ्ठ्यांवर "झोप" हा शब्द होता, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की झोप का लागत नाही.

नंतर वाचलं की बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांत असं दिसतं की आत्महत्येने गेलेल्यांपैकी साधारण निम्मे लोक शेवटच्या महिन्यात कुठल्या ना कुठल्या साध्या डॉक्टरकडे जाऊन आलेले असतात. मानसोपचारवाल्याकडे नाही, आपल्याकडे. अंगदुखी आणि पित्त घेऊन. आपल्या माणसाला "मन खचलंय" म्हणता येत नाही, तो "डोकं जड झालंय", "छातीत धडधडतं", "जीवाचा कंटाळा आलाय", "माझं काय, आज आहे उद्या नाही", "आता बस झालं" असं म्हणतो आणि आपण ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देतो. मी आता सोडत नाही. कंटाळा आलाय म्हटलं की पेन खाली ठेवून विचारतो, "कंटाळा म्हणजे किती? झोपलो तर सकाळी उठूच नये असं वाटतं का?" हा प्रश्न मला फार कामाचा वाटतो कारण त्याला हो म्हणणं सोपं जातं, आणि हो आलं की मग पुढचा थेट प्रश्न विचारता येतो. दोन मिनिटं जातात. खरंच दोनच मिनिटं जातात.

गावची_आशाताई

सिस्टर मी मराठवाड्यातली आशा आहे, टायपिंग चुकलं तर समजून घ्या. आमच्याकडं प्रेरणा प्रकल्प आला तेव्हा आम्हाला ट्रेनिंग झालं होतं, मराठवाडा विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत तो सुरू झाला होता, घरोघरी जाऊन विचारायचं कोण टेन्शनमध्ये आहे, कोणाला झोप नाही, कोण बोलत नाही, आणि लागलं तर दवाखान्यात न्यायचं. पहिल्यांदा मला फार अवघड वाटलं, म्हणलं हे असं दुसऱ्याच्या घरात जाऊन कसं विचारायचं, मारायला उठतील. पण लोक बोलतात हो. बाळंतपणाच्या आणि लसीच्या निमित्ताने आपण घरात जातोच, ओट्यावर बसतोच, तिथं शेंगा फोडता फोडता बाई जे बोलते ते ती ओपीडीत कधीच बोलणार नाही.

मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की तुमच्या पेशंटच्या गावची आशा कोण आहे ते शोधा आणि दादांना विचारून तिला सांगा. त्यांना न विचारता नको, कारण गावात एकदा फुटलं की त्या माणसाला बाहेर तोंड दाखवणं अवघड होतं आणि आमच्यावरचा विश्वास पण जातो. मी अशा घरी जाते तेव्हा बीपी बघायला आले म्हणून जाते, शेजारच्यांना तेवढंच दिसतं.

आणि अजून एक, सगळे शेतकरी शेतकरी म्हणतात ते खरंच आहे पण बायकांकडं कोण बघतं? मी ज्या चार घरांत जायचे त्यातल्या तीन बाया होत्या. नवरा पितो, मारतो, माहेरचे घेत नाहीत. त्यांचं कर्जाच्या यादीत नाव येत नाही म्हणून त्यांची बातमी पण येत नाही.

आकडेमोड

आशाताईंनी बरोबर बोट ठेवलंय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे बघा, देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० आणि गृहिणी २५,३०९. दुपटीहून जास्त. रोजंदारीवाले तर त्याहून कितीतरी जास्त. आणि राज्यांत सगळ्यात वर आपला महाराष्ट्र, २२,७४६. शेतकऱ्यांचा प्रश्न लहान आहे असं मी म्हणत नाही, त्यातही आपलंच राज्य पुढे आहे. पण बाई दवाखान्यात "पोट दुखतं" म्हणून येते तेव्हा कोणी विचारत नाही, आणि ती आकड्यात दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

तीस_बेडची_इनचार्ज

सगळं पटतं पण थोडं जमिनीवर येऊन बोलूया. माझ्या वॉर्डात नाईटला एक सिस्टर असते आणि तीस बेड भरलेले, कधी कधी खाली गादी टाकून अजून चार. इंजेक्शनं, सलाईन, दोन डिलिव्हऱ्या, रजिस्टरं, वर आता ऑनलाईन एंट्री. स्टूल घेऊन बसा म्हणणं सोपं आहे. आणि नऊ फोन कोण करणार, स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी? आणि उद्या त्या पेशंटने काही केलं तर "तुम्ही बोलला होता ना शेवटचं" म्हणून आमच्याच अंगावर येणार. मी चिडून नाही लिहीत, पण प्रत्येक नवीन गोष्ट शेवटी नर्स आणि आशाच्या डोक्यावर येऊन बसते आणि तिचं मन कोण बघतं? माझी एक जुनी पेशंट गेली तेव्हा मी आठ दिवस जेवले नाही नीट, एकानेही विचारलं नाही.

मनोविकार_ओपीडी

इनचार्ज ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते बोलायलाच हवं. म्हणूनच हे एकट्या सिस्टरचं काम होता कामा नये. फोन वॉर्डच्या नंबरवरून करायचा, एमओंना सांगून, पेशंटची संमती घेऊन, आणि प्रत्येक फोनची दोन ओळींची नोंद रजिस्टरला. कधी, कोणाशी बोलणं झालं, काय सांगितलं. नोंद असली की ते दवाखान्याचं काम होतं, कोणा एकीची जबाबदारी राहत नाही, आणि तुमची रजा असेल तर दुसरी सिस्टर पुढचा फोन करू शकते. फोन लांबलचक समुपदेशनाचा नको, तीन-चार मिनिटांचा पुरतो. कसे आहात, झोप कशी आहे, ते विचार परत आले का, गोळ्या चालू आहेत का, पुढच्या वेळी कधी येताय. तसा पेशंट रोज येत नाही, महिन्याला किती येतात मोजा, मग काम आवाक्यातलं वाटेल.

आणि तज्ज्ञच लागतात असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, त्यात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्य ओळखणं, मानसिक आधार देणं हे काम केलं, लागेल तिथेच डॉक्टर. दीड वर्षाच्या आसपास काम झाल्यावर नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. आपल्याच मातीत, कापूस पिकवणाऱ्या गावांत. अमरावतीत जमलं ते बाकीच्या जिल्ह्यांतही जमायला हवं.

तुमच्या मनाचं म्हणाल तर पेशंट गेल्यावर वॉर्डातल्या सगळ्यांनी एकदा बसायला हवं, कोणाचं चुकलं हे शोधायला नाही, नुसतं बोलायला. आमच्याकडे आम्ही हे सुरू केलंय, अर्धा तास, चहा आणि दार बंद. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि तो पेशंटपुरता नाहीये. नर्सने केला तरी चालतो, डॉक्टरने केला तरी चालतो. ते आठ दिवस तुम्ही एकट्याने काढले याचं मला वाईट वाटतं.

आता राहिलेलं पोलिसांचं. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) होते, कळवावं लागतं, ते आपल्या हातात नाही. पण उपचार आधी, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. आणि प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार हे आता राहिलेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम घेतलंच नाही, सरकारी माणसाला कामापासून अडवायला किंवा त्याच्यावर दबाव आणायला केलेल्या प्रयत्नापुरतं एक वेगळं कलम आहे तेवढंच. तेव्हा दादांना आणि त्यांच्या बायकोला हे सांगा, घरचे बऱ्याचदा केस होईल या भीतीनेच पुढचे उपचार टाळतात. आणि पुढच्या वेळी जबाब घ्यायला आले की साहेबांना म्हणा ड्रेसिंग रूममध्ये बसून घ्या. तेवढं म्हणायचा हक्क आपल्याला आहे.

औषधांच्या_दुकानातून

फार्मासिस्ट आहे, छोटीशी भर. डॉक्टरांनी लिहून दिलं तर आम्ही अशा पेशंटच्या गोळ्या आठवड्याच्याच देतो, महिन्याच्या एकदम नाही, आणि नातेवाइकाच्या हातात. एक डॉक्टर चिठ्ठीवर कोपऱ्यात "७ दिवस, पत्नीकडे" एवढंच लिहितात, मला कळतं. दर आठवड्याला पेशंट काउंटरवर दिसतो हा पण फायदाच, दोन आठवडे दिसला नाही तर मी डॉक्टरांना कळवतो.

परत_आलेली

मी कधी इथे लिहिलं नव्हतं, नुसती वाचत असते. आज लिहितेय. सहा वर्षांपूर्वी मी तुमच्या त्या दादांच्या जागी होते. काय झालं, कसं झालं ते लिहीत नाही, त्याने कोणाचं भलं होत नाही.

वॉर्डातलं मला फार थोडं आठवतं पण जे आठवतं ते पक्कं आठवतं. एक डॉक्टर राऊंडला येऊन माझ्याकडे न बघता बरोबरच्या मुलांना "सुसाईड केस" म्हणाले ते आठवतं. त्या दिवसापासून माझं नाव तेच होतं, बेड नंबर पण नाही. आणि एक सिस्टर आठवतात. चार दिवस माझे केस तसेच होते, गुंता झालेला, उलटीचा वास येत होता, मला स्वतःचीच किळस वाटत होती. त्या दुपारी खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि स्वतःच्या पर्समधला कंगवा घेऊन आल्या आणि काही न बोलता माझ्या मागे बेडवर बसल्या. खालून एकेक बट धरून सोडवत होत्या, ओढलं गेलं की "दुखलं का गं" विचारायच्या. वेणी होत आली तेव्हा मागूनच, माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी विचारलं, "अजून वाटतं का गं जाऊ म्हणून?" मी हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं. त्या दचकल्या नाहीत, रडल्या नाहीत, नको गं असं म्हणू असंही म्हणाल्या नाहीत. रबर लावला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. आज मी जाणार नाही, आपण डॉक्टरांना मिळून सांगू." आणि खरंच ड्युटी संपली तरी थांबल्या.

मला नंतर गोळ्या लागल्या, दोन वर्षं चालल्या, थेरपी पण झाली, सगळं त्या वेणीने बरं झालं असं नाही. पण मी डॉक्टरांकडे गेले ते त्या वेणीमुळे गेले. सिस्टर, तुम्ही "असं करतात का" म्हणालात याचं फार मनाला लावून घेऊ नका. जाऊन सांगा की मी असं बोलायला नको होतं. आम्हाला तेवढं कोणी म्हणत नाही.

पीएचसीचा_एमओ

ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. "सुसाईड केस" हा शब्द मी स्वतः वापरलाय. उद्यापासून नाही.

नाईटवाली_सिस्टर

सगळ्यांचे उपकार. काय झालं ते सांगायला उशीर झाला, ड्युट्या लागल्या होत्या.

रविवारी रात्री साडेबाराला वॉर्ड शांत झाला तेव्हा स्टूल घेऊन गेले. त्यांची बायको खाली सतरंजीवर झोपली होती. आधी म्हटलं, "दादा, पहिल्या दिवशी मी तुम्हाला असं करतात का म्हणाले, ते चुकलं माझं." त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग पंख्याचं विचारलं. म्हणाले, "घरी पण असाच आवाज येतो, लाईट गेली की थांबतो, मग नुसतं डोक्यातलं ऐकू येतं." त्यावर मी विचारलं, सरळ, डॉक्टरांनी लिहिलंय तसंच, "ना" न लावता. हो म्हणाले. आज नाही पण काल होता, परवा जास्त होता. काही ठरवलंय का विचारलं, नाही म्हणाले, आणि मग बोलतच राहिले. उसनवारी, भावाशी वाटणीचं भांडण, दारू अलीकडे वाढलेली. मला मध्ये दोनदा उठावं लागलं, दोन्ही वेळा "पाच मिनिटांत येते" सांगून गेले आणि आले. दुसऱ्यांदा आले तर ते स्टूलकडेच बघत बसले होते.

सकाळी त्यांना विचारून सरांना सांगितलं. सरांनी सुट्टी एक दिवस पुढे ढकलली आणि सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला स्वतः फोन लावला, मंगळवारी इथून सुट्टी घेऊन घरी न जाता ते आमच्याच गाडीने सिव्हिलला गेले, बायको आणि मोठा भाऊ दोघं बरोबर. केस होणार नाही हे सांगितल्यावर बायको ओक्साबोक्शी रडली, तिला तेच वाटत होतं की नवऱ्याला जेल होईल. तिथल्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या सुरू केल्या, पंधरा दिवसांनी बोलावलंय. कागद आम्ही सोमवारी रात्रीच लिहिला होता. "एकट्याने काय केलं की हलकं वाटतं" यावर ते खूप वेळ थांबले आणि मग लिहिलं, बैलाला अंघोळ घालणे. फवारणीचं सगळं भावाने स्वतःच्या घरी नेलंय, त्यांच्यासमोर बोलून. गावच्या आशाताईंचं विचारलं तर म्हणाले आत्ता नको, मग नाही सांगितलं.

काल आठ दिवस झाले म्हणून वॉर्डच्या फोनवरून फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही आणि माझ्या पोटात गोळाच आला. दहा मिनिटांनी परत लावला तर बायकोने उचलला, म्हणाली गोठ्यात आहेत, आणि फोन घेऊन तिकडेच गेली. ते म्हणाले, "सिस्टर, मला वाटलं तुम्ही नुसतं म्हणालात." झोप चार तास येतेय. विचार एकदा आला होता, कागद काढून वाचला आणि भावाकडे जाऊन बसले, भावाशी बोलले नाहीत पण बसले.

इनचार्ज ताई, तुमचं पटलं म्हणून सरांना सांगून एक वेगळी वही केलीय, पहिल्या पानावर नऊ तारखा लिहिल्यात, कोणाची ड्युटी असेल तिने करायचा. दुसरा फोन पुढच्या बुधवारी आहे, त्या दिवशी माझा ऑफ आहे पण दुसऱ्या सिस्टरने लिहून घेतलंय.